मॉर्मन मंदिरात सेवा करायला परदेशी गेलेले आजी-आजोबा दिवसभर नेमकं करतात काय?

मॉर्मन मिशनरी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली विशीतली दोन पोरं येतात, दारोदार फिरून धर्माबद्दल बोलणारी. ते बरोबरच आहे, पण त्याच चर्चमधे अजून एका प्रकारचं मिशन असतं ज्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणालाच माहिती नसतं आणि मला तेच जास्त समजून घ्यावंसं वाटतं. साठी-सत्तरीतलं जोडपं, नोकरी संपलेली, मुलं मार्गी लागलेली, आणि हे दोघं घर बंद करून किंवा मुलाच्या ताब्यात देऊन वर्ष-दीड वर्षासाठी घाना, टोंगा, फिलिपिन्स अशा ठिकाणी जातात, स्वतःच्या खर्चानं, आणि तिथे जाऊन प्रचार करत नाहीत, कुणाच्या दाराची बेल वाजवत नाहीत, तर मंदिरात काम करतात. काम म्हणजे अगदी उभं राहून, चालून, कपडे घड्या घालून, लोकांचं स्वागत करून, पाठ केलेले शब्द म्हणून करायचं काम.

आधी थोडी ओळख. या चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथनं स्थापन केलेलं, मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला. २०१८ पासून चर्चनंच सांगितलंय की मॉर्मन न म्हणता पूर्ण नाव वापरा, पण सगळ्यांना कळावं म्हणून मी इथे मॉर्मन म्हणतेय.

आता इथे एक गोष्ट पहिल्यांदा क्लिअर करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. यांच्याकडे रविवारची प्रार्थना होते ती जागा वेगळी आणि मंदिर वेगळं. रविवारी ज्या साध्या बिल्डिंगमधे जमतात तिथे कुणीही जाऊ शकतं, मीही जाऊ शकते, तुम्हीही. मंदिर मात्र रविवारी बंद असतं, बऱ्याच ठिकाणी सोमवारीही, आणि आत जायला चर्चचं सदस्य असणंही पुरेसं नसतं. रेकमेंड नावाचं एक कार्ड लागतं, त्यासाठी आधी बिशप म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाबरोबर आणि मग त्याच्या वरच्या अधिकाऱ्याबरोबर मुलाखत होते, उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देता का, दारू तंबाखू चहा कॉफी यापासून लांब आहात का (हो, चहासुद्धा), वागणं प्रामाणिक आहे का असे प्रश्न असतात. कार्ड दोन वर्षं चालतं, मग परत मुलाखत. बाहेरच्या माणसाला मंदिर आतून बघायचं असेल तर नवीन किंवा मोठी दुरुस्ती झालेल्या मंदिराचं समर्पण (म्हणजे विधिवत उद्घाटन) व्हायच्या आधी काही दिवस ते सगळ्यांसाठी खुलं ठेवतात, तेवढीच संधी.

आत काय होतं? ढोबळ मानानं तीन-चार प्रकारचे विधी. जिवंत माणसाला स्वतःसाठी करायचे ते म्हणजे एन्डाउमेंट, ज्यात सृष्टीच्या निर्मितीपासूनची कथा सांगितली जाते आणि माणूस देवाला काही वचनं देतो, आणि सीलिंग, म्हणजे नवरा-बायको आणि मुलं एकमेकांशी कायमची, मरणानंतरही, जोडली जातात असा विधी. आणि मग मृतांसाठी. यांची श्रद्धा अशी की बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून धर्मात घ्यायचा विधी) आणि हे सगळे विधी माणसाला आवश्यक आहेत, पण जगात कोट्यवधी माणसं अशी होऊन गेली की ज्यांना ही संधीच मिळाली नाही, तर त्यांच्या वतीनं जिवंत माणसानं ते विधी करायचे, आणि पलीकडे गेलेल्या त्या आत्म्यानं ते स्वीकारायचे की नाकारायचे हे त्याचं त्यानं ठरवायचं. म्हणून तर वंशावळी शोधायचं एवढं वेड या लोकांना आहे, १८९४ पासून त्यांची वंशावळ सोसायटी आहे आणि आज फॅमिलीसर्च नावानं जी फुकट वेबसाइट चालते ती यांचीच.

मृतांच्या विधींवरून वाद झालेत आणि ते सांगितले पाहिजेत. नाझी छळात मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं चर्चच्या सदस्यांनी या विधींसाठी परस्पर दिली होती, ज्यू संघटनांनी साहजिकच आक्षेप घेतला आणि १९९५ मधे चर्चनं ते थांबवायचं कबूल केलं, त्यानंतरही तशा घटना उघडकीला आल्या. आता नियम असा की आपल्या स्वतःच्या पूर्वजांचीच नावं द्यायची, आणि जन्माला ११० वर्षं झालेली नसतील तर जवळच्या जिवंत नातेवाइकाची परवानगी घ्यायची. आणि विधी झाला म्हणून ते नाव चर्चच्या सदस्य यादीत धरलं जात नाही. पण तरीही ज्यांच्या घरची माणसं मारली गेली त्यांना हे का खुपतं हे मला पूर्ण समजतं.

मग म्हाताऱ्या जोडप्यांची गरज कुठे येते? १९९७ पर्यंत जगभर यांची पन्नासेक मंदिरं होती, बरीचशी मोठी आणि जिथे सदस्य भरपूर अशा ठिकाणी. त्या वर्षी गॉर्डन हिंकली या तेव्हाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की आता लहान मंदिरं बांधायची, लांब राहणाऱ्या लोकांच्या जवळ, आणि २००० साल संपायच्या आत आकडा शंभरावर गेला, आज २०० च्या वर आहे. मंदिर बांधणं पैशाचं काम, ते झालं, पण मंदिर चालवायला माणसं लागतात आणि हे सगळे विधी पाठ असलेली, वर्षानुवर्षं केलेली माणसं लागतात, आणि नव्या देशात अशी माणसं सुरुवातीला मोजकीच असतात, जी असतात ती तरुण असतात, नोकरी करतात, बस बदलत बदलत येतात, मंगळवारी सकाळी त्यांना कुठून वेळ मिळणार. मंदिरात पगारी पुजारी वगैरे नसतो, विधी करणारे सगळे स्वयंसेवकच. शेगावला गजानन महाराज संस्थानात सेवेकरी पाळी लावून येतात, कुणी शेतकरी कुणी रिटायर्ड मास्तर, आणि पंगतीपासून दर्शनरांगेपर्यंत सगळं तेच सांभाळतात, साधारण तसंच, फक्त इथली पाळी दीड वर्षाची आणि घरापासून अर्धी पृथ्वी लांब.

मी उदाहरण म्हणून घानाची राजधानी अक्राचं मंदिर घेतेय कारण तिथली गोष्ट जोडप्यांपासूनच सुरू होते. १९७८ पर्यंत या चर्चमधे कृष्णवर्णीय पुरुषांना प्रीस्टहुड म्हणजे धार्मिक अधिकार मिळत नव्हता आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना मंदिराचे हे मोठे विधी बंद होते. हे गोड शब्दात गुंडाळून सांगण्यात अर्थ नाही, अन्याय होता. आणि तरी घानामधे १९६० च्या दशकापासून लोकांनी पुस्तकं वाचून स्वतःच मंडळ्या चालवल्या होत्या, केप कोस्टच्या बाजूला बिली जॉन्सन नावाच्या माणसानं, कुणी मिशनरी आलेला नसताना, अमेरिकेला पत्रं लिहीत वाट बघत. जून १९७८ मधे बंदी उठली आणि नोव्हेंबरमधे पश्चिम आफ्रिकेत जे पहिले मिशनरी उतरले ते विशीतली पोरं नव्हती, दोन वयस्कर जोडपी होती, रेन्डेल आणि रेचेल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. नायजेरियात आणि मग घानात त्यांनी पहिले बाप्तिस्मे केले. पुढे १९८९ च्या जूनमधे घाना सरकारनं चर्चच्या कामावर बंदी घातली ती १९९० च्या शेवटी उठली, १९९८ मधे हिंकली स्वतः तिथे गेले आणि मंदिराची घोषणा केली, आणि ११ जानेवारी २००४ ला अक्राचं मंदिर समर्पित झालं. त्याआधी इथल्या माणसाला मंदिरात जायचं तर लंडन किंवा जोहान्सबर्ग, म्हणजे विमानाचं तिकीट, व्हिसा, बहुतेकांना आयुष्यात शक्य नाही असं प्रकरण.

आता युटा-आयडाहोकडचं एखादं जोडपं इथे कसं पोचतं. अर्ज करायचा, डॉक्टर आणि डेंटिस्टचे फॉर्म भरायचे (तब्येतीची तपासणी कडक असते कारण मिशनवर आजारी पडलं तर सगळ्यांचीच पंचाईत), आपली आवड कळवता येते पण कुठे पाठवायचं ते सॉल्ट लेक ठरवतं. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत असते. पैसे स्वतःचे. २०११ मधे चर्चनं जोडप्यांच्या घरभाड्याला महिन्याला १,४०० डॉलरची मर्यादा ठरवली, त्यावरचं चर्च भरतं, पण खाणंपिणं, इन्शुरन्स हे आपलं आपण. त्यामुळे बरीच जोडपी यासाठी वेगळी बचत करून ठेवतात. मग लशी, घानाला यलो फीव्हरची लस घेतल्याचं सर्टिफिकेट दाखवावंच लागतं, मलेरियाच्या गोळ्या, आणि थोडं ट्रेनिंग. तिथे गेल्यावर त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, तो एल्डर अमुक आणि ती सिस्टर अमुक, आडनावानं.

दिवस असा जातो. अक्रा विषुववृत्ताजवळ असल्यानं बारा महिने सकाळी सहाच्या आसपासच उजाडतं, आणि सकाळची शिफ्ट असेल तर त्याच्या आधीच आवरलेलं असतं. मंदिरात गेलं की पहिलं काम कपडे बदलणं. आत सगळे पांढऱ्यात, पुरुष पांढरा शर्ट पँट टाय, बायका पायघोळ पांढरा ड्रेस, बूटसुद्धा पांढरे, आलेले लोकही आणि काम करणारेही, त्यामुळे कोण बँकेत मॅनेजर आणि कोण बाजारात टोमॅटो विकते हे आत कळत नाही, आणि तसं कळू नये हाच हेतू आहे. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांची छोटी प्रार्थना सभा होते, मग कोऑर्डिनेटर कामं वाटतो आणि ती दिवसभर बदलत राहतात. कुणी दारातल्या डेस्कवर रेकमेंड तपासायला, कुणी भाड्यानं कपडे द्यायच्या खिडकीवर साइज शोधायला, कुणी कॉरिडॉरमधे नुसतं उभं राहून पुढे कुठे जायचं ते हातानं दाखवायला. ऐकायला हलकं वाटतं पण सत्तरीतल्या गुडघ्यांना विचारा, पाच-सहा तासातला बराच वेळ उभं राहण्यात जातो आणि मंदिरात धपाधप चालायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

बाप्तिस्म्याच्या हौदावर वेगळीच धावपळ असते. हा हौद बैलांच्या बारा पुतळ्यांच्या पाठीवर ठेवलेला असतो, बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिराच्या वर्णनावरून घेतलेली कल्पना. इथे मुख्यतः किशोरवयीन मुलं-मुली येतात, पूर्वजांच्या नावांची कार्डं घेऊन, एकेका नावासाठी एकेकदा पाण्यात. म्हणजे ओले कपडे, ओले टॉवेल, ते गोळा करा, धुवा, वाळवा, घड्या घाला, पुढच्या ग्रुपला द्या, मंदिराची लॉन्ड्री हे एक अख्खं खातंच आहे, आणि सेवा म्हणून जगाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली माणसं दुपारभर टॉवेलच्या घड्या घालतात, मनापासून घालतात. मला या माणसांबद्दल आदर वाटतो तो मुख्यतः इथे.

विधींचे शब्द ही दुसरी अवघड गोष्ट. जसेच्या तसे पाठ लागतात, हातात कागद धरून वाचायची पद्धत नाही, आणि ते शब्द लिहून घरी नेता येत नाहीत, मंदिरातच बसून पाठ करायचे. या वयात पाठांतर म्हणजे काय ते सांगायला नको, कित्येक जण पहिले काही आठवडे याच टेन्शनमधे असतात. त्यात घानाच्या मंदिरात शेजारच्या देशातून फ्रेंच बोलणारे लोक बसनं येत राहिलेत, त्यांच्यासाठी फ्रेंच ऑडिओ लावा, हेडफोन द्या, हातवाऱ्यांनी समजवा. आत नेमके काय शब्द आहेत हे हे लोक बाहेर सांगत नाहीत, त्यांच्यासाठी ते पवित्र आहे, मीही इथे त्यात शिरत नाही.

गंमत म्हणजे एकत्र मिशनवर आलेले नवरा-बायको मंदिरात एकमेकांना फारसे दिसतच नाहीत. बायकांचे शुद्धीकरणाचे वगैरे विधी बायकाच करतात, पुरुषांचे पुरुष, बाजू वेगळ्या, लॉकर रूम वेगळ्या, भेट झाली तर जेवणाच्या सुट्टीत. आणि घरी आल्यावर मात्र लहानशा अपार्टमेंटमधे चोवीस तास दोघंच, मुलं नाहीत, जुने मित्र नाहीत, गाडी असेल तर अक्राच्या ट्रॅफिकमधे चालवायची हिंमत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात इतकं एकमेकांवर अवलंबून राहायची वेळ कदाचित पहिल्यांदाच येते.

पण ज्या दिवसासाठी आलो असं वाटतं तो सीलिंगचा दिवस. नवीन सदस्याला एन्डाउमेंटसाठी निदान एक वर्ष थांबावं लागतं, आणि लांबच्या गावच्या कुटुंबाला त्यापुढे प्रवासाचे पैसे जमवायला अजून कितीतरी. मग बाप, आई आणि दोन-तीन-चार पोरं असं सगळं लटांबर बसनं रात्रभर प्रवास करून येतं, थकलेलं, घाबरलेलं. आईबाप त्यांचे विधी करत असतात तोवर पोरांना एका खोलीत सांभाळायचं काम मिशनरी बायकांकडे येतं, त्यांना पांढरे कपडे घालायचे, मापाचे शोधायचे, चित्रं दाखवायची, शू लागली की न्यायचं, रडलं की कडेवर घ्यायचं. मग बोलावणं आलं की पोरांचा हात धरून सीलिंग रूममधे न्यायचं, तिथे मधे वेदीसारखी बैठक असते, आईबाप गुडघे टेकून बसलेले, समोरासमोरच्या भिंतींवर आरसे असतात त्यामुळे प्रतिबिंबात प्रतिबिंब असं न संपणारं दिसत राहतं. पोरं आईबापांच्या हातावर हात ठेवतात. स्वतःची नातवंडं युटात सोडून आलेली आजी हे बघून रडते यात नवल काय.

बाहेरचं आयुष्य घानाचं असतं. लाइट जाणं इतकं नेहमीचं की त्याला डुमसोर असं स्वतंत्र नावच पडलंय, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमाराला हरमॅटनचा वारा सहाराची धूळ आणतो आणि कपाळापासून कपाटापर्यंत सगळ्यावर थर बसतो, नळाचं पाणी पीत नाहीत. रस्त्यावर त्रोत्रो नावाच्या खचाखच भरलेल्या व्हॅन, बाजारात केळ्यासारखं दिसणारं प्लँटेन, तिखट जोलोफ भात, फुफू म्हणजे कसावासारखे कंद कुटून केलेला मऊ गोळा, जो हातानंच खायचा (आणि फक्त उजव्या हातानं, इथे आपल्याला काही नवीन वाटणार नाही). वयाला मान देणारा समाज असल्यानं पांढऱ्या केसांच्या माणसाला कुणीही अनोळखी पोरगं पिशवी उचलून देतं, याचं अमेरिकेतून आलेल्यांना खूप अप्रूप असतं. रविवारी स्थानिक वॉर्डात म्हणजे तिथल्या मंडळीबरोबर दोन तासांची प्रार्थना, सोमवार सुट्टीचा, त्याला हे पी-डे म्हणतात, त्या दिवशी धुणं, माकोला बाजार, कधीतरी केप कोस्टचा किल्ला जिथून गुलामांची जहाजं सुटायची. रोज संध्याकाळी, म्हणजे युटात तेव्हा दुपार असते, नातवंडांना व्हिडिओ कॉल. तरुण मिशनऱ्यांसारखे कडक नियम जोडप्यांना नसतात, घरी बोलण्यावर बंधन नसतं, मोठं काही कारण असेल तर स्वखर्चानं थोडे दिवस घरी जाऊनही येता येतं. तरीही नातवंडाचा जन्म स्क्रीनवर बघणं, भावाच्या अंत्यविधीला पोचू न शकणं हे होतंच, आणि जी जोडपी मुदतीआधी परततात त्यांच्या मागे बहुतेकदा तब्येत किंवा घरचं काहीतरी असतं.

एक प्रश्न मला पडला होता आणि तुम्हालाही पडेल की गोऱ्या अमेरिकन म्हाताऱ्यांनी आफ्रिकेत जाऊन मंदिर चालवायचं हे थोडं जुन्या वळणाचंच नाही का. १९७८ च्या आधीचा इतिहास बघता प्रश्न रास्त आहे. पण प्रत्यक्षात बघितलं तर शिफ्टमधले बहुसंख्य लोक स्थानिकच असतात, परदेशी जोडपी फट भरायला आणि शिकवायला, आणि चांगल्या जोडप्याचं लक्षण असं की त्यांच्या जाण्यानं काही अडत नाही. याची परीक्षा एकदा झालीसुद्धा, मार्च २०२० मधे कोविडमुळे जगभरातली सगळी मंदिरं बंद झाली, परदेशातले मिशनरी मोठ्या संख्येनं घरी परतले, आणि मंदिरं परत टप्प्याटप्प्यानं उघडली ती स्थानिक लोकांच्याच जोरावर. मे २०२५ मधे आयव्हरी कोस्टच्या आबिजानला स्वतःचं मंदिर झालं, तिथल्या कुटुंबांचा सीमा ओलांडून अक्राला यायचा प्रवास वाचला.

आणि यात आपल्या जवळचा धागाही आहे. भारतातल्या सदस्यांना आजवर मंदिरासाठी हाँगकाँग, मनिला असं देशाबाहेर जावं लागत आलंय, तोच पासपोर्ट-व्हिसा-तिकिटाचा खर्च. एप्रिल २०१८ मधे बंगळुरूच्या मंदिराची घोषणा झाली आणि डिसेंबर २०२० मधे भूमिपूजन. ते सुरू झालं की समर्पणाआधी काही दिवस कुणालाही आत जाऊन बघता येईल, महाराष्ट्रातून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर. आणि तिथे एखादे मिशनवर आलेले आजोबा किंवा आजी भेटल्या तर मिशनबद्दल, घरच्यांबद्दल, पाठांतराबद्दल बिनधास्त विचारा, विधींचे शब्द सोडून बाकी सगळं हे लोक अगदी आनंदानं सांगतात.